उतारावर पायडल न मारता

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लोकांना दोनच वेळा येते. एक, लिफ्ट अडकली की. आणि दुसरी, लिफ्ट बोलायला लागली की. अडकलेली लिफ्ट काय, कुणीही सोम्यागोम्या खाली आणेल. बोलणाऱ्या लिफ्टला गप्प करायला मात्र कान लागतो, आणि तसा कान अख्ख्या कंपनीत एकट्या आमच्या लिफ्टवाल्याला होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो डोळे मिटून उभा राहायचा. कुठली कप्पी कुरकुरते, कुठला दोर घासतो, कुठल्या दाराचा खटका अर्धवट बसतो हे ऐकून घ्यायचा आणि मग तेलाची नळी घेऊन बरोब्बर तिथेच जायचा. तीस वर्षं त्यानं हेच केलं. आवाज म्हणजे दोष, शांतता म्हणजे काम झालं, एवढं साधं त्याचं शास्त्र. ऑफिसातले लोक त्याला मौनीबाबा म्हणायचे.

ते नाव काही लिफ्टवरून पडलं नव्हतं. तो स्वतःही फारसा बोलायचा नाही. बोलणार कुणाशी? आईच्या दुखण्यात लग्नाचं वय निघून गेलं, मग आईही गेली, त्यालाही अकरा वर्षं झाली. थोरली बहीण परगावी. ती दर बुधवारी फोन करायची, जेवलास का विचारायची आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या गुडघ्यांवर यायची. सोमवार ते शनिवार तो दुसऱ्यांच्या इमारतींत वर-खाली करून निभावून न्यायचा. लोकांना घर खायला उठतं, याला रविवार खायला उठायचा. रविवारी मेल्या लिफ्टसुद्धा बिघडायच्या नाहीत. मग तो आपल्या दोन खोल्यांतल्या बिजागऱ्यांना तेल घालत बसायचा. त्याच्या घरातलं दार वाजत नसे, कपाट वाजत नसे, पंखादेखील वाजत नसे. आत माणूस आहे की नाही हे शेजाऱ्यांना कळत नसे, आणि खरं सांगायचं तर कधी कधी त्यालाही शंका यायची.

अशाच एका शनिवारी खोकल्याच्या गोळ्या घ्यायला गेला असताना औषधाच्या दुकानाच्या काचेवर त्याला एक चिठ्ठी दिसली. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. ‘रेसिंगची जुनी सायकल विकणे आहे. स्टीलची. भिंतीवर टांगणाऱ्यांनी येऊ नये.’ खाली पत्ता. त्यानं ती तीनदा वाचली. शाळेत असताना एकदा तो रस्त्याच्या कडेला सायकलची शर्यत बघायला उभा राहिला होता. हात वर करेपर्यंत सगळ्या निघूनही गेल्या होत्या. घरी येऊन तशी सायकल मागितली तर वडील म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. नाक त्यानंतर पुष्कळ वाढलं, पण मोत्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गोळ्या खिशात टाकून तो तसाच पत्ता शोधत गेला.

पत्ता एका अरुंद उताराच्या गल्लीत होता. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर एक वळण, आणि वळणापासून खाली सरळ घसरत आलेला रस्ता. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याला दोन जिने चढताना जरा मौजच वाटली. दार उघडलं ते सत्तरीला टेकलेल्या एका बाईंनी. हात ओले, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं.

“उंची किती तुमची?”

“पाच फूट नऊ.”

“हेही तेवढेच होते. आत या.”

पॅसेजमध्ये दोन हुकांवर सायकल टांगलेली होती. गर्द हिरवी. बारीक, गोल, पोलादी नळ्या, जोडाजोडावर पानासारखी कापलेली टोकं. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, त्यावर मळकी पांढरी पट्टी गुंडाळलेली. गिअर बदलायच्या दोन छोट्या दांड्या हँडलवर नाहीत, खालच्या तिरक्या नळीवर. म्हणजे चालवताना वाकून हात खाली न्यायचा. चामड्याची सीट इतकी वापरलेली की तिच्यावर बसणाऱ्याच्या अंगाचे दोन खळगे स्पष्ट दिसत होते. ते अंग दीड वर्षापूर्वी गेलं होतं. आठवडाभर वजनकाट्यावर कारकुनी आणि रविवारी शर्यत, असं त्यानं चाळीस वर्षं चालवलं होतं, एवढं बाईंनी हात पुसता पुसता सांगितलं.

“तिघं येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “एकाला हॉटेलात टांगायची होती. एकाला हिच्यावर दिवे लावायचे होते. तिसरा म्हणाला, चाक काढून त्यात आरसा बसवीन. तुम्ही काय करणार?”

“चालवीन.”

“येते?”

“साधी येते.”

“मग हीही येईल. आधी पडाल, मग येईल.”

किमतीचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. सायकल हुकावरून खाली आली, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, “एक अट आहे. दर रविवारी सकाळी नऊला आमच्या गल्लीतून जायचं. वरच्या वळणापासून खाली येताना पायडल मारायचं नाही. नुसती सोडून द्यायची.”

का, हे विचारायची त्याला सवय नव्हती. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी लिफ्ट दुपारी बंद ठेवा, आमच्या कुत्र्याला दुसऱ्या मजल्यावर थांबायची भीती वाटते, असल्या अटी तो रोज ऐकायचा. शिवाय ही अट त्याला आपोआप समजली होती, म्हणजे समजली असं वाटलं होतं. त्यांचे यजमान तसे ऐटीत उतरत असणार आणि त्या खिडकीच्या काचेतून त्यांना वळणापासून बघत असणार. बघायला आवडतं माणसाला.

“येईन बाई,” तो म्हणाला.

“बाई काय, मी काय वर्गावर उभी आहे? वहिनी म्हणा.”

तर अशी ती सायकल त्याच्या घरी आली. आणि वहिनींनी म्हटल्याप्रमाणे तो आधी पडला. वेगात पडला असता तर सांगायला तरी काही उरलं असतं. तो पडला सिग्नलला उभ्या उभ्या. पायडलला चामड्याचे पट्टे होते, पाय त्यात आवळलेले, आणि थांबण्याआधी पट्टा सैल करायचा असतो हे तो विसरला. दिवा लाल झाला, सायकल थांबली आणि हा चौपन्न वर्षांचा गृहस्थ बसची वाट बघणाऱ्या वीसेक लोकांसमोर सावकाश, अगदी शांतपणे आडवा झाला. कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

पण गिअर त्याला इतरांपेक्षा लवकर साधला. त्या दांड्यांना खाचा नव्हत्या. साखळी नीट बसली की नाही हे कानानंच ओळखायचं. चुकली तर ती कुरबुरते, केसभर सरकवली की गप्प होते. हे तर त्याचं रोजचं काम. महिन्याभरात तो पहाटे निघून पाटाच्या कडेच्या रस्त्यानं दूरवर जायला लागला. बारीक टायर, पण पोलाद रस्त्याचे हादरे गिळून टाकायचं आणि हातापर्यंत फक्त एक बारीक थरथर यायची. पुढे रस्ता, मागे कुणी नाही, शेजारी कुणी नाही. घरात असलेला एकटेपणा तिथेही होताच, फक्त तिथे तो चालता होता.

आणि मग नऊ वाजता ती गल्ली. पहिल्या रविवारी त्यानं वळणावर पाय थांबवले, हात हँडलच्या वरच्या भागावर ठेवले आणि सायकल सोडून दिली. मागच्या चाकातलं फ्रीव्हील, पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं, बोलायला लागलं. टक टक टक टक, आणि मध्येच एक टक गायब. पुन्हा टक टक टक टक, पुन्हा एक गायब. दगडी भिंतींमध्ये तो आवाज चांगला घुमला. तो इमारतीखाली आला आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

वहिनींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते आपल्याकडे बघताना कुणाच्याही चेहऱ्यावर लिफ्टवाल्यानं कधी पाहिलं नव्हतं. पापणी लवेपर्यंत ते होतं. मग ते उतरलं. मग त्यांनी त्याला नीट ओळखलं, हात वर केला आणि खिडकी लागली. तो काही खुळा नव्हता. तो चेहरा कुणासाठी होता हे त्याला कळलं. पण उपाशी माणूस ताट कुणासाठी वाढलंय हे विचारत नाही.

त्यानंतर त्याचा आठवडा त्या खिडकीभोवती फिरायला लागला. गुरुवारी तो टायरमधली हवा बघायचा. शनिवारी शर्टाला इस्त्री करायचा. एका वर केलेल्या हातासाठी एवढं? हो, एवढं. अकरा वर्षांत त्याच्या येण्याची वेळ धरून कुणी खिडकी उघडली नव्हती. ती बंद झाली तर आपल्या आठवड्यात काहीच उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मनात एक लहानशी हावही होती, की कधीतरी वरून हाक येईल, या म्हणून. चार महिने झाले, हाक आली नाही. तो खाली जाऊन डावीकडे वळायचा आणि घरी येऊन स्वतःचा चहा स्वतः करायचा.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती गायब होणारी टक त्याच्या कानाला खड्यासारखी टोचत होती. लिफ्टमध्ये असा चुकणारा ठेका सापडला असता तर त्यानं तो दुसऱ्या दिवसावर टाकला नसता. आतला एखादा खटका उठायचा राहतोय. उद्या चढावर उभं राहून जोर लावताना दुसराही घसरला तर दात पडतील. हे कारण खरंच होतं. पण त्याच्या मागे दुसरं, जास्त खरं कारण होतं. त्याला वहिनींना काहीतरी द्यायचं होतं.

“ताई,” बुधवारी त्यानं फोनवर विचारलं, “एखाद्याला काही द्यावंसं वाटलं तर काय द्यावं?”

तिकडे गुडघे एकदम बरे झाले. “कोण आहे ती?”

“कुणी नाही. विचारलं आपलं.”

“कुणी नाहीला काही द्यायचं नसतं रे. हे बघ, विकतचं काही नेऊ नकोस. तुला जे सगळ्यात चांगलं येतं ना, ते दे.”

ताईचं काही चुकलं नाही. पण शहाण्या सल्ल्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं वेड्या सल्ल्यानं होत नाही, कारण वेडा सल्ला कुणी ऐकत नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मागचं चाक काढलं. फ्रीव्हील खोललं. आतले मोहरीएवढे छर्रे बशीत काढले. चाळीस वर्षांचं काळं कीट रॉकेलनं धुतलं. आत दोन छोटे खटके, आणि प्रत्येकाला उभं धरणारी केसासारखी बारीक तार. एका खटक्याची तार थकलेली होती, म्हणून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो एकदा उठायचा विसरायचा. ती तार त्यानं कचऱ्यात टाकली, लिफ्टच्या दाराच्या स्प्रिंगमधून नवी बनवून बसवली आणि सगळं लिफ्टला लावायच्या घट्ट तपकिरी ग्रीसनं भरून टाकलं. हँडलची मळकी पट्टी काढून नवी काळी गुंडाळली. मग सायकल उचलून चाक फिरवलं. काही नाही. कान चाकाला नेऊन पुन्हा फिरवलं. श्वासाएवढाही आवाज नाही. असं काम त्याच्या हातून तीस वर्षांत झालं नव्हतं, आणि त्या समाधानात त्याला छान झोप लागली.

रविवारी नऊला त्यानं वळणावर पाय थांबवले. सायकल खाली निघाली ती जशी पाण्यावरून. फक्त कानाजवळ वारा. तो हसत इमारतीखाली आला. खिडकी बंद.

जरा लवकर आलो असू, असं म्हणून तो चढ चढून पुन्हा वर गेला आणि पुन्हा उतरला. बंद. तिसऱ्यांदा गेला तेव्हा चढावर त्याची मांडी भरून आली होती. बंद. खिडकीच्या कठड्यावर ओलं फडकं वाळत होतं, म्हणजे माणूस घरात होतं. तो घरी आला आणि चहा करायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

सबंध आठवडा त्यानं डोकं खाल्लं ते स्वतःचंच. आजारी असतील? मग फडकं कुणी वाळत घातलं? रागावल्या असतील? कशावर? आणि गुरुवारी एका इमारतीच्या गच्चीवर उभं असताना त्याला एकदम कळलं: पट्टी. यजमानांच्या हातची पांढरी पट्टी आपण काढून टाकली. वहिनींनी काचेतून ते पाहिलं आणि त्यांना ते लागलं. लागणारच. नशिबानं जुनी पट्टी त्यानं घडी करून ठेवलेली होती. ती त्यानं जशीच्या तशी, त्याच मळक्या बाजूनं पुन्हा गुंडाळली.

दुसऱ्या रविवारी पांढऱ्या पट्टीची सायकल गल्लीतून दोनदा उतरली. खिडकी दोन्ही वेळा बंद. आता मात्र त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि दोन जिने चढून घंटी वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. “दोन रविवार तुम्ही आला नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग परवडला असता.

“आलो होतो वहिनी. मागच्या रविवारी तीनदा आलो. आज दोनदा.”

“नाही आलात. मी घरातच होते. पातेल्यात पाणी घालून, काडी हातात घेऊन उभी होते. मागच्या रविवारी बारा वाजेपर्यंत मी चहा घेतला नाही.”

त्याला काही उमगेना. पण बोलता बोलता त्यांची नजर त्याच्या खांद्यावर गेली. “खाली ठेवा ती,” त्या म्हणाल्या. जवळ आल्या आणि सरावलेल्या हातानं पायडल उलटं फिरवलं. साखळी फिरली. आवाज नाही. पुन्हा फिरवलं.

“आवाज कुठे गेला?”

तीस वर्षांची जीभ. तिच्यावरून निघून गेलं, “काढला.”

आणि ते त्यानं इमारतीच्या सेक्रेटरीला सांगतात तसं सांगितलं, आता शाबासकी मिळणार अशा थाटात. पुढे कितीतरी दिवस तो शब्द आठवला की त्याला तोंड कुठे लपवावं कळत नसे.

वहिनी पॅसेजमधल्या स्टुलावर बसल्या. “माझं स्वयंपाकघर मागच्या अंगाला,” त्या म्हणाल्या. “तिथून रस्ता दिसत नाही. वळणावर आवाज आला की मी गॅस पेटवायची. हे सायकल खांद्यावर घेऊन दोन जिने चढेपर्यंत चहाला उकळी. चाळीस वर्षांत चहा कधी गार झाला नाही, नि ह्यांना कधी थांबावं लागलं नाही. गल्लीतून सायकली काय कमी जातात? पण ह्यांच्यात तो एक ठेका चुकायचा. हे म्हणायचे, दुरुस्त करून घेतो. मी करू दिला नाही.”

“मग विकली कशाला?” त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाला ‘का’ म्हणून विचारलं असेल.

“टांगलेली सायकल बोलते का?”

दुधाची तहान ती बाई ताकावर भागवत होती आणि यानं ताकाचं भांडंच घासूनपुसून लख्ख करून ठेवलं होतं.

“मी आणतो परत,” तो म्हणाला. “आवाज आणतो.”

“या आता तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि दार हलकेच लावलं. दाराची बिजागरी कुरकुरली. त्याच्या खिशात तेलाची नळी होती, पण त्यानं तिला हात लावला नाही.

घरी येऊन त्यानं ग्रीस धुऊन काढलं. टक टक टक टक. आवाज आला, पण निरोगी, सरळ, शहाण्या माणसासारखा. चुकणारी टक नव्हती. जुनी तार कचऱ्याबरोबर केव्हाच गेली होती. मग पुढचे तीन दिवस कामावरून आल्यावर तो तारा घासत बसला. एक तार जास्त घासली गेली तर दोन टक चुकायच्या. दुसरी कमी घासली तर एकही नाही. तिसरी चुकायची, पण कधी इथे, कधी तिथे, दारुड्यासारखी. जन्मभर दोष काढलेल्या माणसाला एक साधा दोष घालता येईना. बाराव्या तारेला त्यानं कानस खाली ठेवली आणि पहिली, न चुकणारी तारच परत बसवली. जी तार चाळीस वर्षं एका माणसाखाली थकली ती तीन संध्याकाळींत कशी होणार? बुधवारी ताईचा फोन आला. “दिलंस का काही?” तिनं विचारलं. “दिलं,” तो म्हणाला, आणि गुडघ्यांची चौकशी केली.

रविवारी जावं की नाही, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. पण अट होती ती दर रविवारी जायची. खिडकी उघडेल असं कुणी कबूल केलं नव्हतं. त्यानं शर्टाला इस्त्री केली.

नऊ वाजता वळणावर त्यानं पाय थांबवले. टक टक टक टक, एकही न चुकता, दोन्ही भिंतींवर आपटत तो आवाज खाली निघाला. लिफ्टवाल्याला तो नकोसा झाला होता. त्यानं वर बघितलं. खिडकी बंद होती. मग त्यानं समोर बघितलं, तर वहिनी खाली फाटकाशी उभ्या होत्या. चष्मा डोक्यावर, हातात फडकं. त्यानं ब्रेक दाबला. पट्टा आधी सैल करायला या वेळी तो विसरला नाही.

“हा ह्यांचा नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही. बारा तारा केल्या. जमलं नाही.”

“नाहीच जमायचं.” त्यांनी फडक्याला हात पुसले. “तुम्हाला सांगते, आवाज आला की गॅस पेटवून मी खिडकीशी धावायची. या वयात. खिडकी उघडेपर्यंत हे असायचे. उघडली की तुम्ही असायचात.”

“दिसायचं मला.”

“काय दिसायचं?”

“तुमचा चेहरा उतरायचा.”

वहिनींनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “दर वेळी दिसायचं? आणि तरी यायचात?”

“हो.”

का, ते त्यांनी विचारलं नाही. दोनेक वर्षं त्याही एकट्या राहत होत्या; त्यांना विचारायची गरज नव्हती.

“आता काही मी धावायची नाही,” त्या म्हणाल्या. “हा आवाज आला म्हणजे तुम्हीच असणार. आणि तुम्ही आलात म्हणून मला खिडकी उघडावीशी वाटेल का, ते आत्ता सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?”

“नका बोलू.”

“पण चहा ठेवून आलेय. दोघांचा. घड्याळाकडे बघून, अंदाजानं ठेवलाय. घ्या ती खांद्यावर.”

त्या वळल्या आणि कठड्याला धरून जिना चढायला लागल्या. तो मागून निघाला. खांद्यावरचं मागचं चाक आपोआप हळूहळू फिरत होतं, आणि जिन्यात टक टक ऐकू येत होती. पहिल्या मजल्यावर वहिनी थबकल्या. त्या ऐकत होत्या हे त्याला कळलं. त्यानं चटकन हात नेऊन चाक धरलं.

“राहू दे,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “साखर किती घेता?”

लिफ्टवाला पायरीवर उभा राहिला. आई गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसात चहा तयार यायचा, आणि घरी त्याचा हात डब्यातून बोटांनीच साखर टाकायचा, एखाद दिवशी टाकायचाही नाही. वरून चहा उतू गेल्याचा करपट वास यायला लागला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाईचा अंदाज चुकला होता, पण त्यांनी घाई केली नाही. त्या एकेक पायरी चढत उत्तराची वाट बघत होत्या.

“दीड चमचा,” दुसऱ्या मजल्याशी आल्यावर तो म्हणाला. “बहुतेक.”